पैठणचा हिशोब

महाराष्ट्रात कोणाच्याही घरी लग्न निघाले की पैठणची आठवण दोनदा होते. पत्रिका छापावयाची म्हटली की वर 'शालिवाहन शके' हे शब्द घालावे लागतात. आणि बस्ता बांधावयास बसले की, ऐपत असो वा नसो, पैठणीची चौकशी होतेच. ज्या गावाने सबंध मराठी मुलुखाला वर्षे मोजण्याचे नाव दिले आणि मिरवण्याचे वस्त्र दिले, ते गाव आज तालुक्याचे एक बेताचे ठिकाण आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, तेथल्या पैठण दरवाजातून दक्षिणेकडे निघालेली वाट सुमारे पन्नास किलोमीटरवर गोदावरीला मिळते. तेथे नदीच्या उत्तर काठावर हे गाव वसलेले आहे.

या गावाचा इतिहास सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. आधी सातवाहन राजे, मग ज्ञानेश्वरांचा रेडा, मग नाथमहाराज, मग पैठणी आणि शेवटी धरण व उद्यान. पाहुण्याला तीन तासांत एवढे दाखवून जेवावयास नेतात. ही रीत वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु आम्ही आयुष्याची बरीच वर्षे कामगारांच्या संघटनेत काढली. शाळा लवकर सुटली. जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, सभा आणि मोर्चे आटोपल्यानंतर वाचले. त्यामुळे वाचनाला एक खोड जडली आहे. अमुक राजाने लेणे कोरविले असे वाक्य आले की, कोरले कोणी, त्याला रोज काय पडला आणि तो वेळेवर मिळाला काय, असे प्रश्न मनात उभे राहतात. बहुतेक ठिकाणी पुस्तके या प्रश्नांपुढे गप्प बसतात. पैठणच्या बाबतीत मात्र काही उत्तरे मिळतात, आणि ती राजवाड्यापेक्षा कुंभारवाड्यातून, कोष्टीआळीतून आणि दगडी लेखांतून मिळतात.

कुंभारवाडा आम्ही उगीच म्हटला नाही. शालिवाहनाची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. एका निराधार ब्राह्मणकन्येला शेषापासून मुलगा झाला, तो कुंभाराच्या घरी वाढला, मातीचे हत्ती, घोडे आणि शिपाई करून खेळू लागला. उज्जयिनीचा विक्रम चालून आला तेव्हा त्या मातीच्या सैन्यात जीव आला आणि पोराने लढाई मारली. इतिहासकार सांगतात की, इसवी सन ७८ पासून मोजला जाणारा हा शक सातवाहनांनी सुरू केलेला नाही. तो परक्या शक-कुषाणांच्या राज्यात चालू झाला आणि शालिवाहनाचे नाव त्याला पुष्कळ शतकांनंतर चिकटले. ते खरेच असले पाहिजे. तथापि कथेचाही एक खरेपणा असतो. गावाच्या पहिल्या राजाची गोष्ट रचावयाची होती, तर ती सूर्यवंशात किंवा चंद्रवंशात रचता आली असती; लोकांनी ती चाकाजवळच्या चिखलात रचली. पैठणच्या पांढरीच्या टेकाडावर पाऊस पडून गेल्यावर आजही खापरांचे तुकडे वर येतात. ज्या गावाच्या पायाखाली दोन हजार वर्षांची फुटकी मडकी आहेत, त्या गावाला कुंभाराचा राजा सुचावा यात नवल नाही.

आता दंतकथा सोडून कागदावर येऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका दर्यावर्दी व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची एक वही लिहून ठेवली. तिच्यात त्याने आपले नाव घातले नाही, परंतु पैठणचे घातले आहे. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, अशी त्याची नोंद आहे. पैठणहून अकीकासारखे रंगीत दगड आणि तेरहून नाना प्रकारचे कापड भडोचला येते, आणि हा माल गाड्यांत घालून, धड रस्ते नसलेल्या मोठमोठ्या मुलुखांतून आणावा लागतो, असे तो म्हणतो. विद्वान लोक या वाक्यातून रोमशी चाललेला व्यापार काढतात. आम्हांस त्यात गाडीवान दिसतो. वीस दिवस जाणे, वीस दिवस येणे, बैलांचा चारा, वाटेतले घाट, नद्यांचे उतार, आणि माल भडोचला पोहोचल्यावर त्याचे सोने होणार ते दुसऱ्याच्या घरी. सातवाहनांच्या नाण्यांवर जहाज कोरलेले सापडते. बैलगाडी कोरलेली सापडती तर आम्हांस अधिक आनंद झाला असता.

याच वाटेच्या उत्तरेस, कन्नडच्या पलीकडे सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. अजिंठा-वेरूळ पाहणारा प्रवासी तिकडे सहसा फिरकत नाही, कारण खोरे उतरावे लागते. तेथल्या लेखांत पैठणची माणसे भेटतात. प्रतिष्ठानच्या गंधिक कुळातल्या मितदेवाने खांब दिल्याचा लेख आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा. आजचे गांधी आडनाव याच शब्दाच्या घरातले. राजवैद्याच्या घरच्यांनीही तेथे दाने दिली आहेत. म्हणजे अत्तरवाला आणि वैद्य यांच्या पैशातून लेण्याचे खांब उभे राहिले. याहून मोठी गोष्ट पुढे आहे. १९५० नंतरच्या दशकात तेथली दरड उपसताना एका ठेंगण्या, हसऱ्या यक्षाची मूर्ती निघाली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर एक ओळ कोरलेली आहे आणि तिचा अर्थ एवढाच, की ही मूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने केली.

कण्हदास म्हणजे कृष्णदास. आपल्याकडे आजही कान्हा म्हणतात तोच तो. धंदा सोनाराचा, काम दगडावरचे, आणि काम संपल्यावर त्याने आपले नाव घातले. ते घालू दिले गेले, हेही लक्षात घ्यावे. पुढच्या हजार वर्षांत या मुलुखात किती देवळे उभी राहिली, किती वाडे बांधले गेले. त्यांतील किती पाथरवटांची नावे आपण सांगू शकतो? दात्याचे नाव दरवाजावर असते. करणाऱ्याचे नाव सापडले तर ते असे, दरडीखाली.

कारागिराला नाव होते तशी पतही होती काय, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी पैठणचा घाट सोडून याच गोदावरीच्या वरच्या अंगाला, नाशिकजवळ जावे लागते. तेथल्या पांडवलेण्यांत उषवदात नावाच्या शक सरदाराचा लेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई, म्हणजे पैठणकरांच्या शत्रुपक्षातला. दानशूर असल्याचे तो स्वतःच मोठ्या आवाजात सांगतो; तीन लाख गायी दिल्या, नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, असा मजकूर आहे. गायींचा आकडा ज्याला मानावयाचा त्याने मानावा. परंतु एका लेखात त्याने पैशाचा व्यवहार दिला आहे आणि तो आम्ही वाचनालयात बसून पेन्सिलीने ताडून पाहिला.

गोवर्धन गावात विणकरांच्या दोन श्रेणी होत्या. लेखात त्यांना कोलिकनिकाय म्हटले आहे. उषवदाताने एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले, दर महा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार ठेवले, दर महा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीही परत घ्यावयाचे नाही, व्याज तेवढे चालावयाचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावेत असे ठरले. आता हिशोब करा. दोन हजारांचे महिन्याचे व्याज वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना बारा प्रमाणे दोनशे चाळीस. पै इकडची तिकडे होत नाही. हा सर्व व्यवहार गावाच्या निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असेही लेखात म्हटले आहे.

अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा कागद, म्हणजे दगड, आम्हांस कोणत्याही विजयस्तंभापेक्षा मोलाचा वाटतो. राजाच्या जावयाला पैसा कायमचा सुरक्षित ठेवावयाचा होता आणि त्यासाठी त्याने सावकार शोधला नाही. तो मागावर बसणाऱ्यांच्या दारी गेला. राजे बदलतील, नहपान जाईल, गौतमीपुत्र येईल, पण विणकरांची श्रेणी राहील, असा त्याचा अंदाज होता. नहपान खरोखरच गेला. जोगलटेंभीला १९०६ साली नाण्यांचा मोठा साठा सापडला, त्यांतील हजारो नाण्यांवर नहपानाच्या छापावर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे. मग पुढच्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या वेळी, त्याच डोंगरावर आणखी एक लेख कोरला गेला. त्यात कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे आणि तेली यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या आहेत, आणि व्याज खर्चावयाचे आहे ते आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी. नाणेघाटाच्या वाटेवरच्या जुन्नरला बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी आहेत, आणि धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने स्वतः सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दिले आहे. पैठणहून कोकणातल्या बंदरांकडे जाणारी वाट हीच.

येथे थोडे थांबून सांगावयास हवे, कारण आमच्या चळवळीतले काही उत्साही मित्र श्रेणी हा शब्द ऐकला की त्याला लगेच युनियन म्हणू लागतात. श्रेणी म्हणजे युनियन नव्हे. ती धंदेवाल्यांची, घरचे माग असणाऱ्यांची संस्था होती. तिच्यात हाताखालचा पोऱ्या होता, दासही असतील, आणि त्यांचे म्हणणे कोणत्याही लेण्यात कोरलेले नाही. धंदा जन्माने ठरत गेला तसतशी हीच बांधणी पुढे जातीच्या भिंतीत चिणली गेली. एवढे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरते. त्या काळी विणकर ठेव स्वीकारणारा होता. लोक त्याच्याकडे पैसे घेऊन येत आणि तो त्यांना व्याज देई.

मधली शतके आम्ही भरभर ओलांडतो. सातवाहन गेले, चालुक्य, राष्ट्रकूट, यादव आले; पैठण राजधानी राहिले नाही, शास्त्र्यांचे गाव झाले. निवाडा हवा असला की पैठणास जावे, असा लौकिक झाला. विठ्ठलपंतांची मुले शुद्धिपत्रासाठी येथेच आली आणि नागघाटावर ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदविले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. त्या रेड्याविषयी मात्र एक तपशील सांगणारे घाईत गाळतात. कथेतला तो रेडा पखालीचा होता. पाण्याने भरलेली कातडी पखाल पाठीवर घेऊन तो घाट चढत होता. पैठणच्या सभेला वेदाचा अधिकार कोणाला, हा प्रश्न पडला तेव्हा लोककथेने उत्तर देण्यासाठी गावाला पाणी पुरवणारा जीव उभा केला. चमत्कार मानणे न मानणे ज्याच्या त्याच्यावर.

पाण्याचा हा विषय पैठणात पुन्हा निघतो तो नाथांच्या घरी. एकनाथ जन्मले १५३३ च्या सुमारास आणि १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला त्यांनी गोदावरीत देह ठेवला. भानुदासांचे पणतू, देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे शिष्य. गुरूच्या घरी असताना हिशोबात एका पैची चूक राहिली म्हणून रात्रभर दिव्यापाशी बसले आणि चूक सापडल्यावर टाळी वाजवून हसले, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या सर्व चमत्कारांहून प्रिय आहे. ज्याने दप्तराचे काम केले आहे त्यालाच त्या टाळीचा आवाज नीट ऐकू येतो. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पाठांची शुद्धी केली, तीही याच वृत्तीने. जुनी प्रत काढावयाची, चूक शोधावयाची, आणि आपले काही त्यात घुसडावयाचे नाही.

त्यांची भारुडे सुमारे तीनशे भरतात. त्यांत जोशी, गोंधळी, वासुदेव, वाघ्या, कोल्हाटी, महार, अशी गावगाड्यातली माणसे आपापल्या बोलीत उभी राहून बोलतात. काही रचना तर सरकारी कागदांच्याच घाटाच्या आहेत: अर्जदास्त, कौल, ताकीदपत्र, जाबचिठ्ठी. सोळाव्या शतकात पैठणच्या रस्त्यावर कोण कोण चालत होते याची शिरगणती हवी असेल तर ती बादशाही दप्तरापेक्षा नाथांच्या भारुडांत अधिक पुरी आहे. गोदेच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे महाराचे मूल त्यांनी कडेवर उचलून घरी पोहोचवले आणि श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढले, याच्या आठवणी चरित्रकारांनी जपल्या आहेत. गावातल्या शास्त्र्यांनी त्यांना त्याबद्दल काय काय ऐकवले, तेही त्याच चरित्रांत आहे.

नाथवाड्यात एक रांजण आहे. देव श्रीखंड्या या नावाने बारा वर्षे नाथांच्या घरी नोकर राहिला आणि कावडीने गोदेचे पाणी आणून तो रांजण भरीत असे, अशी श्रद्धा आहे. षष्ठीच्या उत्सवात तो रांजण आजही भाविक भरतात. श्रीखंड्या कोण होता हे तो निघून गेल्यावर कळले. भाविकांच्या डोळ्यांत येथे पाणी येते आणि आम्ही त्यांचा आदर करतो. आम्ही तेथे उभे राहतो तेव्हा नदीचा काठ आणि वाड्याचा उंबरठा यांमधला चढ मोजतो. नळ येण्याआधी हजारो वर्षे हे गाव कोणाच्या तरी खांद्यावर बसून पाणी पीत होते. त्या खांद्यांपैकी नाव राहिले ते एका देवाचे.

आता पैठणीकडे येऊ. पैठणी म्हणजे रेशीम आणि जर. अंग साधे विणावयाचे, पण काठ आणि पदर यांवरची नक्षी हाताने, धाग्यागणिक भरावयाची. ताण्यात शेकडो धागे. बाण्याच्या बाजूने प्रत्येक रंगाची वेगळी बारीक कांडी. मोराच्या मानेचा निळा संपला की तेथेच तो पुढच्या रंगात अडकवून घ्यावयाचा. म्हणून अस्सल पैठणीच्या पदराची उलटी बाजू सुलट्या बाजूसारखीच दिसते. मागे लोंबते धागे नसतात. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला की धूपछाँव उतरते. पूर्वी जर म्हणजे खरोखरच चांदीची तार आणि तिच्यावर सोने. ती तार ओढणारे तारकस निराळे, चापट करणारे चापडे निराळे आणि रेशमावर गुंडाळणारे वटणारे निराळे. बायका रेशीम उकलीत, रहाटावर कांड्या भरीत. एका पदराखाली अशी आठ-दहा घरे जेवत. असावली, बांगडीमोर, मुनिया, कमळ ही नक्षीची नावे दुकानदाराला पाठ असतात, घरांची नसतात.

पेशव्यांच्या पत्रांतून पैठणी वस्त्रांच्या मागण्या आहेत. थोरल्या माधवरावांना हवे असलेले असावली दुपट्टे, त्यांचे रंग, सगळे बारकाईने लिहिलेले आहे. पैठणच्या पलीकडच्या मुंगी-शेवगावला १७२८ च्या मार्चमध्ये बाजीराव आणि निजाम यांच्यात तह झाला, त्यानंतर या बाजूचा मुलूख मुख्यतः निजामाकडे राहिला आणि त्याचे दरबारही गिऱ्हाईक झाले. दरबार हे गिऱ्हाईक चांगले, पण एकच गिऱ्हाईक असणे वाईट. गिरणी असो की माग, ज्या धंद्याला एकच खरेदीदार असतो त्या धंद्यातल्या मजुराला आवाज राहत नाही, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे. दरबारांची ओढ संपत गेली, गिरणीचे कापड आले, आणि पैठणच्या आळीतले माग एकेक करून बंद पडले.

त्याच वेळी येवला मात्र टिकला. याचे कारण येवलेकरांच्या बोटांत अधिक कसब होते असे नव्हे. नाशिक जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की, रघोजी नाईकांनी व्यापारी आणून येवल्यास वसवले आणि त्यांना रेशमी धंद्याचा मक्ता मिळवून दिला. हा मक्ता १८६४ मध्ये कोर्टाच्या निकालाने संपेपर्यंत चालू होता. म्हणजे येवल्याला बाजार होता, भांडवल होते, आणि काही काळ कायद्याचे कुंपणही होते. पैठणला नाव होते. नावाने माग चालत नाही. वस्त्र पैठणी म्हणून विकले जात राहिले आणि विणले जाऊ लागले ते मुख्यतः येवल्याला. पुढे १९७० नंतरच्या दशकात शासनाच्या महामंडळाने पैठणमध्ये पुन्हा शिक्षणाची सोय करून माग उभे केले, त्यांतून बऱ्याच मुली-बाया शिकून तयार झाल्या. २०१० साली पैठणीला भौगोलिक उपदर्शनाची नोंद मिळाली. तीत पैठण आणि येवला दोन्ही आले. ही दोन्ही कामे चांगली झाली, असे आमचे मत आहे.

तरी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी विणकर घरांत फिरत असताना एका बाईंना आम्ही विचारले, "ताई, या पदराला किती दिवस झाले?"

"तिसरा महिना लागला, भाऊ."

"आणि रेशीम, जर?"

"ते शेठ देतात. आम्हांला मजुरी. त्यातून उचल कापून जाते."

"उचल कशाची घेतली होती?"

"माग बसवायलाच घेतली होती की."

बाजूला त्यांची सासू रहाटावर कांड्या भरत होती आणि धाकटी मुलगी तुटका धागा सांधत होती. त्या दोघींची मजुरी कोणत्याही वहीत नव्हती. आम्ही त्या खोलीत उभे असताना आम्हांस गोवर्धनच्या कोलिकनिकायाची आठवण झाली. तेथे राजाचा जावई ठेव घेऊन विणकरांच्या दारी आला होता, आणि येथे मागाच्या चौकटीपासूनच कर्ज सुरू होते. हा उलटा प्रवास केव्हा आणि कोणत्या पायऱ्यांनी झाला, तो आमच्या मते पैठणच्या इतिहासाचा खरा विषय आहे. आणि दुष्काळ, लढाया, दरबार, मक्ते, गिरण्या, यांतील प्रत्येकाचा त्यात वाटा आहे. त्या बाईंच्या पैठणीवर शेठच्या दुकानाची चिठ्ठी लागेल, सरकारी खुणेची चिठ्ठीही लागेल. सोनार कण्हदासाने यक्षाच्या हातावर केले ते पदराच्या कोपऱ्यात चार धाग्यांनी करता येण्यासारखे आहे. आम्ही तसे सुचवले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग शेठ घेतील होय?"

आता नदी. पैठणच्या उशालाच नाथसागर आहे. या धरणाला जायकवाडी म्हणतात, पण जायकवाडी हे गाव आहे बीड जिल्ह्यात. निजामाच्या राजवटीत धरण तेथे घालण्याचा विचार होता, पुढे जागा बदलून वर पैठणला आली आणि नाव तेवढे जुनेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी उद्घाटन केले. मधल्या काळात १९७२ चा दुष्काळ येऊन गेला. मातीची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब, दरवाजे सत्तावीस, उपयुक्त साठा शहात्तर टीएमसीच्या आसपास. मराठवाड्याच्या कोरड्या शिवारांत त्यामुळे पाणी खेळले, छत्रपती संभाजीनगरला प्यावयास आणि कारखान्यांना चालावयास पाणी मिळाले. धरण नको होते असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. त्या पाण्यावर चाललेल्या कारखान्यांतल्या कामगारांच्या सभा घेण्यातच आमची उमेद गेली.

मात्र जमेच्या बाजूइतकाच खर्चही वाचला पाहिजे. शंभराहून अधिक गावांना या पाण्याची झळ लागली. पैठण, गंगापूर, नेवासे, शेवगाव या भागांतली काळीभोर गोदाकाठची जमीन गेली. प्रकल्पांमुळे उठणाऱ्या लोकांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा झाला तो १९७६ चा. म्हणजे धरण पुरे झाले त्या वर्षीचा. आणि पैठणच्या नदीचेही काहीतरी झाले. ज्या घाटांवर शतकानुशतके पाणी होते ते घाट आता धरणाच्या खाली आहेत. विसर्ग असेल तेव्हा पात्र भरते, एरवी दगड दिसतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये उलट झाले. दरवाजे उघडावे लागले, पैठण शहरात पाणी शिरले आणि लोकांना घरे सोडून बाहेर पडावे लागले.

पैठणात बाळासाहेब पाटील यांनी जमवलेल्या वस्तूंचे शासकीय संग्रहालय आहे. मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, जुन्या वस्तू. गावातल्या एका माणसाने आयुष्यभर मातीत वाकून वेचलेला हा संग्रह प्रत्येकाने पाहावा. परंतु नाथसागराखाली जे गेले ते वेचणारा त्या वेळी कोणी नव्हता. दुष्काळाच्या वर्षी पाणी खूप उतरले की गाळातून देवळांचे चौथरे, विहिरींची बांधकामे, भिंतींचे पाये वर येतात आणि शहरातून लोक फोटो काढावयास जातात. अशाच एका उन्हाळ्यात आम्हीही गेलो. तेथे एक म्हातारे गृहस्थ काठी टेकीत चालले होते; त्यांचे गाव उठले तेव्हा ते विशीतले होते. आम्ही विचारले, "काका, येथे काय होते?"

त्यांनी देऊळ दाखवले नाही. काठीने चिखलावर रेघ ओढली आणि म्हणाले, "ही आमची आळी. लिहून घेता काय?" आम्ही वही काढली. नदीकडून सुरुवात केली. पहिले घर कोळ्यांचे, होडी त्यांची. मग कुंभार, दोन भाऊ, एकाचाच आवा. मग तेली. मग परटाचे घर आणि त्यामागे महारवाड्याची वाट. मग कोष्टी, माग एक, तोही बंद पडलेला. प्रत्येक घराशी थांबून ते घरधन्याचे नाव सांगत, मग बायकोचे, मग जनावरे किती होती ते. दुपारपर्यंत एकेचाळीस घरे झाली. मग ऊन फार झाले, म्हणून वरची आळी पुढल्या रविवारी लिहावयाची ठरली.